गेला म्हणजे कुठे गेला

दिवाळीत भाच्याने एक खूळ डोक्यात घेतलं होतं. कुठलंतरी वंशवृक्षाचं ॲप डाउनलोड करून सगळ्या खानदानाची नावं त्यात भरायची, फोटो चिकटवायचे आणि मग फॅमिली ग्रुपवर टाकून सगळ्यांचे बदामी इमोजी मिळवायचे. त्यासाठी मी माळ्यावरून आजोबांनी काढलेली वंशावळ खाली काढून दिली. चार फुलस्केप कागद खळीने एकमेकांना जोडलेले, घड्यांवर पिवळट तपकिरी झालेले, त्यावर निळ्या-काळ्या शाईने गोल आणि गोलात नावं, अक्षर असं की हल्लीच्या छापील पत्रिकेलाही लाज वाटेल. खालून तिसऱ्या ओळीत, आजोबांच्या शेजारी, एक गोल होता ज्यातलं नाव ब्लेडने खरवडलेलं होतं. कागद तिथे इतका पातळ झाला होता की उजेडात धरला तर पलीकडचा आकाशकंदील दिसत होता. भाचा म्हणाला, मामा, हा कोण, याचं डेथ इयर काय टाकू? मी काकांकडे बघितलं. काका पंच्याऐंशीचे, आरामखुर्चीत बसून चिवड्यातले दाणे वेचून बाजूला काढत होते. न बघताच म्हणाले, "तो गेला." भाच्याने सरळपणे विचारलं, "कधी?" तर म्हणाले, "गेला म्हणजे तसा नाही रे. मिशनमध्ये गेला." मग थोड्या वेळाने, "चिवड्यात दाणे फार घातलेत यंदा."

विषय संपला. भाच्याने पुढचा गोल घेतला.

पण माझ्या डोक्यातून तो 'गेला' गेला नाही. आपल्याकडे हा शब्द फार सोयीचा आहे, माणूस वारला तरी गेला, अमेरिकेत सेटल झाला तरी गेला, पोरगी पळून गेली तरी गेली, आणि धर्म बदलला तरी गेला. ॲपमध्ये मात्र दोनच पर्याय होते, हयात किंवा मृत, आणि मृत निवडलं की तारखेची चौकट लाल होऊन बसायची. आणि दुसरं म्हणजे ते खरवडणं. म्हणजे आधी कुणीतरी, बहुतेक आजोबांनीच, आपल्या धाकट्या भावाचं नाव त्याच वळणदार अक्षरात लिहिलं असणार, टाक शाईत बुडवून, मग कधीतरी त्याच हाताने ब्लेड घेतलं असणार. नुसती काट मारली असती तरी चाललं असतं की. खरवडायला वेळ लागतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसलो. अशा लोकांपैकी रेव्हरंड टिळक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे, शाळेत कविता होत्या, लक्ष्मीबाई तर घरच्याच वाटतात. पण मला आठवत होते ते दुसरेच एक, पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना मधेच डोकावून जाणारे, फादर गोऱ्हे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे. इंग्रजीत गोरेह असं काहीतरी लिहितात, त्यामुळे मराठी माणसाला कळतच नाही की हा आपल्यातलाच चित्पावन ब्राह्मण आहे. मग दिवाळी संपली, फराळाचे डबे घासून झाले, तरी मी त्यांच्याबद्दल सापडेल ते वाचतच राहिलो. बायको म्हणाली, तुझा कोण लागतो तो? खरं तर कोणीच नाही.

जन्म १८२५ चा, झाशीजवळच्या काशीपुरा गावातला. घराणं बांद्याच्या नवाबाच्या चाकरीतलं, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशातल्या नवाबाच्या, आणि पुढे मंडळी काशीला येऊन राहिली. मी एकदा बनारसला गेलो होतो तेव्हा ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बोळांत अचानक कानावर पडलेलं मराठी आठवलं, जरा जुन्या वळणाचं, हिंदीत भिजलेलं, कुणी बाई वरच्या खिडकीतून खाली पोराला "अरे चप्पल घाल की" असं ओरडत होती. तशाच कुठल्या वाड्यात हा मुलगा वाढला असेल असं मी आपलं मनाशी धरून चाललो. व्याकरण, न्याय, सगळं घोटून झालेलं. आणि स्वभाव वादाचा. काशीचा वाद म्हणजे टीव्हीवरचा आरडाओरडा नव्हे, समोरच्याचा पक्ष आधी त्याच्याहून नीट मांडून दाखवायचा आणि मग तो खोडायचा, अशी शिस्त. विशीत असताना हा मिशनच्या विल्यम स्मिथ नावाच्या पाद्र्याकडे गेला तो त्याचं तोंड बंद करायला. ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथसुद्धा लिहिला. तोवर सगळं ठीक होतं. गडबड अशी झाली की खंडन करायचं म्हणून त्याने समोरच्याचं पुस्तक मन लावून वाचलं.

मला इथे हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते. आपण सगळे दुसऱ्याचं पुस्तक न वाचता बोलतो म्हणून टिकून आहोत बहुतेक.

१४ मार्च १८४८ ला त्याने बाप्तिस्मा घेतला. काशीत नाही, जौनपूरला. काशीत घेतला असता तर काय झालं असतं याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. नवीन नाव नेहम्या. बायबलमधला नेहम्या म्हणजे जेरुसलेमच्या पडलेल्या भिंती परत बांधणारा, आणि इथे हा माणूस आपल्या घराच्या भिंतीबाहेर पडत होता, नाव कुणी कसं निवडलं असेल देव जाणे. त्या काळी घरातला माणूस असा गेला की काही ठिकाणी घटस्फोट करायचे. आज त्याचा अर्थ कोर्टातला झालाय, पण तेव्हा जिवंत माणसाच्या नावाने पाण्याचा घडा पालथा करायचा किंवा फोडायचा, सुतक धरायचं, अंघोळी करायच्या आणि मोकळं व्हायचं. आमच्या घरात घडा फोडला होता का ते मी काकांना विचारलं नाही. ब्लेड होतंच.

मिशनच्या जुन्या पुस्तकांत अशा माणसांची गोष्ट एका ठरलेल्या सुरात येते, अंधार होता, उजेड पडला, अश्रू आले, संपलं. आणि आपल्या घरांतली गोष्ट दुसऱ्या सुरात, पैशाला भुलला, बाईला भुलला, नोकरीला भुलला. गोऱ्ह्यांच्या बाबतीत दोन्ही बसत नाहीत, म्हणून मला ते सोडवेनात. कारण बाप्तिस्मा घेतल्यावर या माणसाला स्वस्थता मिळाली असं काही दिसत नाही. आयुष्यभर शंका. देव आहे का, हा धर्म खरंच देवाने दिलेला आहे कशावरून, आणि सगळ्यात छळणारा प्रश्न म्हणजे अनंतकाळची शिक्षा, नरकात कायमचं जळणं. दयाळू देव असं कसं करेल? गंमत म्हणजे या शिक्षेच्या बाजूने त्यांनी स्वतः पुस्तिका लिहिली, आणि आपल्याला माहीतच आहे की जे आपल्याला पटलेलं असतं त्यावर आपण फारसं लिहीत बसत नाही. बाप्तिस्मा १८४८ चा आणि पूर्ण पाद्री म्हणून दीक्षा १८७० ची, कलकत्त्याला. बावीस वर्षं. अँग्लिकन चर्चमध्ये आधी डीकन, मग प्रीस्ट असं चढत जावं लागतं हे खरं, पण इतका विद्वान, इंग्रज साहेब ज्याला डोक्यावर घ्यायला तयार, असा माणूस बावीस वर्षं उंबऱ्यावर उभा. कितीतरी वर्षं नुसता प्रचारक म्हणून काम केलं. आपल्या ऑफिसातल्या एखाद्या हुशार क्लार्कसारखं, जो डिपार्टमेंटची परीक्षा देतच नाही, का देत नाहीस म्हटलं की हसतो.

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. पंजाबचा महाराजा दुलीपसिंग, कोहिनूरवाला, तोही तोवर ख्रिस्ती झाला होता, त्याला १८५४ मध्ये विलायतेला नेलं तेव्हा बरोबर पंडित म्हणून नीळकंठ गोऱ्हे गेले. चित्र डोळ्यासमोर आणून बघा, राज्य गेलेला पंधरा-सोळा वर्षांचा शीख राजा आणि जात गेलेला काशीचा मराठी शास्त्री, दोघं बोटीवर. काय बोलत असतील? लंडनला पोचल्यावर गोऱ्ह्यांचा पार विरस झाला. मॅक्स म्युल्लरने लिहून ठेवलंय की हा गृहस्थ ऑक्सफर्डला आपल्याकडे आला तो अगदी खचून, त्याला वाटलं होतं की ख्रिस्ती देश म्हणजे रस्त्यारस्त्यांत संत चालत असतील, आणि बघतो तर धूर, घोडागाड्या आणि दारूचे गुत्ते. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर मला परत जाऊ द्या, असा एकंदर सूर. मला हे वाचून पंढरपूरला पहिल्यांदा गेलो होतो ते आठवलं. आजीने सांगितलेली चंद्रभागा मनात होती आणि समोर वाळवंटात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि एक बडवा माझ्या वडिलांशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतोय. वडील नंतर एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. तरी दरवर्षी आषाढीला उपास करायचेच.

गोऱ्हेही परत आले आणि सोडलं काहीच नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा राग जात नाही. १८५३ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि पाठोपाठ बायको गेली, म्हणजे खरोखरची गेली. पोर तान्ही. ती एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज दांपत्याकडे वाढली, सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांचं सगळं गेल्यावर एका पाद्र्याच्या कुटुंबाकडे, आणि त्यांच्याबरोबर विलायतेला. नाव एलन लक्ष्मी गोऱ्हे. पुढे तिने इंग्रजीत भजनं लिहिली, तीही अशी की आजही जगभरच्या चर्चमध्ये गातात. १८८० मध्ये ती हिंदुस्थानात परत आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. बापलेक समोरासमोर आले तेव्हा कुठल्या भाषेत बोलले असतील, हा विचार मी बरेच दिवस करत होतो. लेकीची भाषा इंग्रजी, बापाची काशीची मराठी, हिंदी आणि संस्कृत. सत्य शोधायला निघालेली माणसं घरात एक पोर टाकून जातात हे आपण बुद्धापासून ऐकत आलोय आणि तरी दरवेळी यशोधरेकडेच नजर जाते. तो एकटा बाप, काळ १८५३ चा, तान्हं पोर कसं सांभाळणार होता, असंही मग वाटतं. न्याय करायला बसलं की आपलाच पाट डगमगतो.

त्यांचं मोठं पुस्तक 'षड्दर्शनदर्पण', १८६० चं, हिंदीत. सहा दर्शनांची उलटतपासणी. दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. मी चाळायचा प्रयत्न केला, डोक्यावरून गेलं, पण एक गोष्ट कळली की ज्या हत्याराने तो घरावर तुटून पडला ते हत्यार घरातलंच होतं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, हेतू, दोष. नैयायिकाने सांख्यांना जसं धरावं तसंच. आणि म्हातारपणी एका इंग्रजी पुस्तिकेत त्यांनीच लिहिलं की गीता-भागवताची शिकवण चुकीची असली तरी आम्हाला अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा या गोष्टी तिथूनच कळल्या, आणि म्हणून ख्रिस्ताचं म्हणणं आम्हाला समजू शकतं. ते शब्द इंग्रजी वाक्यात तसेच ठेवलेत. अनन्यभक्ती. त्याला दुसरा शब्द त्यांना सापडला नसेल किंवा शोधायचा नसेल.

पाद्री झाल्यावर ते काउली फादर्सकडे ओढले गेले. हा अँग्लिकनांमधला साधूंचा पंथ, ऑक्सफर्डजवळच्या काउलीतला, गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, दिवसाचे ठरलेले प्रार्थनेचे तास. सुरुवात साध्यासुध्या मिशनपासून आणि शेवट मेणबत्त्या-उदबत्त्या-झग्यांच्या उच्च चर्चमध्ये, हा प्रवास मला फार ओळखीचा वाटतो, ब्राह्मणाला शेवटी सोवळं लागतंच असं आमची आत्या म्हणाली असती. १८७६ मध्ये ते काउलीला जाऊन उमेदवार झाले. आणि मग? उमेदवारच राहिले. कायमची शपथ घेतलीच नाही. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला माणूस, आणि चर्चच्या भाषेत मरेपर्यंत शिकाऊ.

त्यांची अखेरची वर्षं बरीचशी पुण्यात गेली, पंचहौदात, म्हणजे गुरुवार पेठेतल्या मिशनच्या आवारात. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात होत्या, तेव्हा त्यांना हिंदू आणि ख्रिस्ती धर्मातला फरक समजावून सांगायला हेच जायचे. पुढच्या वर्षी रमाबाईंनी विलायतेत वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या दोघांच्या बोलण्याला कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवायला हवा होता. दोघंही संस्कृतात बुडालेले, दोघंही हट्टी. रमाबाई पुढे आपल्या गोऱ्या सिस्टरशीसुद्धा प्रत्येक मतावरून भांडल्या, त्यात मला गोऱ्ह्यांच्या शिकवणीचा वास येतो, हे माझं आपलं मत.

आणि पंचहौद म्हटलं की आपल्याला आठवतं ते चहाचं प्रकरण. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये लोकमान्य टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथे व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी प्यायला, कुणी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळराव जोश्यांनी नावं पेपरात छापून आणली. पुण्यात केवढा गहजब. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली, टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. काशीला! एक कप चहासाठी पुण्याचा ब्राह्मण काशीला जाऊन शुद्ध होतो आणि काशीचा ब्राह्मण सगळंच मागे टाकून पुण्याच्या त्याच आवारात येऊन राहतो. आपण शाळेत हा किस्सा हसत हसत शिकलो, पण कपाच्या पलीकडच्या बाजूला कोण उभं होतं ते कुणी सांगितलं नाही.

तर एका रविवारी सकाळी मी तिथे गेलो. गुरुवार पेठेत गाडी लावायला जागा मिळाली हाच एक चमत्कार. ते उंच घंटाघर लांबून कितीतरी वेळा पाहिलं होतं, लहानपणी सायकलवरून जाताना त्यातल्या आठ घंटांचा आवाजही ऐकला होता, एकामागून एक घरंगळत येणारा, पण दारातून आत कधी गेलो नव्हतो. गेटवरच्या माणसाने विचारलं, "कोणाकडे आलात?" किती साधा प्रश्न. मी म्हटलं, "असंच, बघायला." तो म्हणाला, "उपासना चाललीये, मागे बसा." आत गारवा होता, दगडाचा गारवा, आणि जुन्या लाकडाचा वास, मेणाचा वास, आणि त्यात चक्क मोगऱ्याचा, कारण पुढच्या बाकावरच्या आजींनी गजरा माळला होता. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या. पेटीवर मराठी गीत चाललं होतं, चाल अशी की मान आपोआप डोलावी. मग सगळे उभे राहिले आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं, आणि आजींचा आवाज आमच्या आजीच्या रामरक्षेसारखा, शब्दांच्या कडा झिजलेला, लक्ष वेगळीकडे असूनही न चुकणारा. मी उभा राहिलो, हात कुठे ठेवायचे ते कळेना. जोडावेत की नाही. शेवटी पाठीमागे धरले, शाळेत प्रतिज्ञेच्या वेळी धरायचो तसे. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात हातात घेतला, म्हणाले, "पहिल्यांदाच दिसताय, नाव काय?" मी आडनाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, आपल्यात आहेत या आडनावाचे." मी "हो का" म्हटलं आणि चपला शोधायला लागलो, आत येताना काढल्याच नव्हत्या हे मग लक्षात आलं.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ ला मुंबईत गेले. इथे शब्दाला काही अडचण नाही.

गेल्या महिन्यात काकांकडे गेलो होतो, त्यांच्या गुडघ्याचं तेल द्यायला. मी सहज म्हटल्यासारखं पंचहौदाचं सांगितलं, ते आडनावाचंही. काका बराच वेळ तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. मग म्हणाले, "मी पाहिलंय त्यांना." कोणाला? "आमच्या काकांना. मी कॉलेजात होतो, पहिल्या वर्षाला. सायकलवरून येत होतो. एक गृहस्थ फुटपाथवर उभे, कोट, हातात पिशवी, पिशवीत भाजी. नाक अगदी अप्पांचं. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी हाक मारली. 'अप्पाचा ना तू?' म्हणाले." मी विचारलं, मग? "मग काय. मी पायडल मारलं. जोरात मारलं असणार, लकडी पुलावर साखळी पडली." त्यांनी झाकण घट्ट लावलं, बाटली टेबलावर ठेवली, बोटं धोतराला पुसली. "हात काळे झाले सगळे. घरी आल्यावर आईने विचारलं, एवढा उशीर का रे? म्हटलं, साखळी पडली."